संगणकांतील इन्स्पेक्टर

इन्स्पेक्टर हा शब्द कानीं पडतांच विद्यार्थ्यांच्या मनांत काय येतें हें आम्ही जाणतों. जुन्या काळीं 'दिपोटीसाहेब येणार' अशी वर्दी आली कीं शाळेच्या भिंतींस चुना लागे, हजेरीपट नीट लिहिले जात, व एरवीं कोपऱ्यांत पडलेला नकाशा खुंटीवर चढे. साहेब येत, चार प्रश्न विचारीत, शेरा लिहीत आणि जात. शाळेचें खरें अंतरंग त्यांस कितपत दिसे, हा प्रश्न निराळा. प्रस्तुत लेखांत ज्या इन्स्पेक्टरविषयीं आम्ही लिहिणार आहों तो मनुष्य नव्हे. ती संगणकाच्या पडद्यावर उघडणारी एक खिडकी आहे. परंतु पाहणें व समजणें यांत जें अंतर आहे, तें तिलाही चुकलेलें नाहीं. ही खिडकी कोणीं व कां निर्माण केली, ती वापरतांना कोणत्या अडचणी येतात, आणि त्या दूर करण्याचे कोणते प्रयत्न झाले, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

संगणकानें काम करावें म्हणून ज्या आज्ञा क्रमवार लिहितात त्यांच्या समूहास प्रोग्रॅम म्हणतात. प्रोग्रॅम लिहिण्याच्या अनेक पद्धति आहेत. त्यांपैकीं एका पद्धतींत सर्व काम लहान लहान 'ऑब्जेक्टां'मध्यें वांटून दिलेलें असतें. ऑब्जेक्टास आपण येथें 'वस्तु' म्हणूं. जुन्या गांवगाड्यांत कुंभार, सुतार, लोहार हे आपापलें काम आपल्या घरीं, आपल्या हत्यारांनीं करीत. 'मडकें पाहिजे' एवढाच निरोप कुंभाराकडे जाई. चाक किती वेळां फिरवावें हें कोणी त्यास सांगत नसे. या वस्तूंचेंही तसेंच आहे. प्रत्येक वस्तूपाशीं तिच्या स्वतःच्या कांहीं नोंदी असतात, आणि कोणत्या निरोपास काय उत्तर द्यावयाचें हें तिला ठाऊक असतें. बाहेरच्यानें निरोप पाठवावा, आंतल्या नोंदींस परस्पर हात लावूं नये, असा येथील शिष्टाचार आहे.

या पद्धतीची एक प्रसिद्ध भाषा म्हणजे 'स्मॉलटॉक'. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीनें १९७० सालीं एक संशोधनकेंद्र स्थापिलें. तेथें ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ पासून ही भाषा घडविली. संगणक हा लहान मुलांच्याही हातीं पाटीपेन्सिलीसारखा असावा अशी के यांची आरंभापासून इच्छा होती, व गोल्डबर्गबाईंनीं मुलांस ही भाषा प्रत्यक्ष शिकवूनही पाहिली. पुढें 'स्मॉलटॉक-८०' ही आवृत्ति केंद्राबाहेर दिली गेली. ऑगस्ट १९८१ मध्यें 'बाइट' मासिकाचा अंक मुख्यतः तिलाच वाहिलेला होता, आणि १९८३ मध्यें गोल्डबर्ग व डेव्हिड रॉबसन यांचा तिजवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच भाषेपासून के, इंगल्स इत्यादि मंडळींनीं १९९६ सालीं ॲपल कंपनींत असतांना 'स्क्वीक' नांवाची नवी आवृत्ति काढली. आमचीं पुढील बहुतेक उदाहरणें या स्क्वीकमधलीं आहेत.

स्मॉलटॉकमधील कोणतीही वस्तु निवडून 'इन्स्पेक्ट' अशी आज्ञा दिली कीं एक लहान खिडकी उघडते. तिचे उभे दोन भाग असतात. डावीकडे वस्तूच्या नोंदींचीं नांवें एकाखालीं एक येतात. त्यांतील एकावर खूण केली कीं त्या नोंदींत काय आहे तें उजवीकडे अक्षरांत उमटतें. प्रोग्रॅम चुकीचें उत्तर देऊं लागला म्हणजे कामकरी या खिडकीचा आश्रय घेतो. घड्याळजीनें घड्याळाचें झांकण काढून भिंगांतून चाकें तपासावीं तसाच हा प्रकार. आणि झांकण काढण्यासाठीं घड्याळ थांबवावें लागत नाहीं, हा मोठाच लाभ. इतकेंच नव्हे, तर इन्स्पेक्टरची खिडकी हीही एक वस्तूच असल्यामुळें दुसऱ्या इन्स्पेक्टरकडून पहिल्याची तपासणी करवितां येते! ज्या काळीं बहुतेक संगणकांचें पोट बंद पेटीसारखें असे, त्या काळीं हा मोकळेपणा अपूर्व होता. पुढें आम्ही दोष सांगणार आहों. पण त्यामुळें त्या कर्त्यांविषयींचा आमचा आदर तिळभरही कमी होत नाहीं.

पहिली अडचण ही कीं, साधा इन्स्पेक्टर वस्तूचा अर्थ दाखवीत नाहीं. ती बनविणारानें आंत सामान कसें मांडलें तें दाखवितो. लाल रंगाचेंच उदाहरण घ्या. स्क्वीकमध्यें रंग हीही एक वस्तु आहे. तिच्या अंतरंगांत 'आरजीबी' नांवाची नोंद असते, व शुद्ध लाल रंगाच्या बाबतींत तिच्यापुढें १०७२६९३२४८ असा आंकडा दिसतो. हा आंकडा खोटा नाहीं. तांबडा, हिरवा व निळा हे तीन मूळ रंग प्रत्येकीं ० पासून १०२३ पर्यंतच्या मापानें मोजतात, व तिन्ही मापें एकाच संख्येंत बसवितात: तांबड्यास १०४८५७६ नें गुणावयाचें, हिरव्यास १०२४ नें, आणि निळा तसाच मिळवावयाचा. १०२३ गुणिले १०४८५७६ हा गुणाकार विद्यार्थ्यांनीं करून पाहावा, म्हणजे वरील संख्या येईल. संगणकास ही मांडणी सोयीची आहे. पण आपल्या चित्रांतील रंग कां बिघडला हें शोधणाऱ्या मुलीस त्या दहा आंकड्यांत तांबडेपणा कोठें दिसावा? डावीकडच्या यादींतील पहिल्या ओळींत वस्तु स्वतःचें वर्णन शब्दांत सांगते हें खरें. पण रंगाच्या या खिडकींत रंग असा कोठेंच नसतो.

तारखेचें व यादीचेंही असेंच आहे. ज्योतिर्विद् लोक दिवस मोजण्यासाठीं एक सलग संख्या वापरतात. तिला ज्यूलियन दिनसंख्या म्हणतात. १५ ऑगस्ट १९४७ या दिवसाची ही संख्या २४३२४१३ आहे. स्क्वीकच्या जुन्या आवृत्त्यांत तारखेच्या वस्तूंत अशीच दिनसंख्या असे. म्हणून आंत डोकावणाऱ्यास स्वातंत्र्यदिन न दिसतां सात आंकडे दिसत. यादी करावयाची असेल तर तिच्यासाठीं कप्प्यांची एक पंगत घेतात, व पुढेंमागें नांवें वाढवितां यावीं म्हणून कांहीं कप्पे मोकळे ठेवितात. भरलेला पहिला कप्पा कोणता व शेवटचा कोणता, एवढे दोन आंकडे वेगळे लिहिलेले असतात. समजा, यादींत तीन मुलींचीं नांवें आहेत. साध्या इन्स्पेक्टरांत तीन नांवांऐवजीं दोन आंकडे, एक पंगत, व तींत पुष्कळशीं 'निल' म्हणजे रिकामीं पानें दिसतात. पाहुण्यास जेवावयास बोलावून पंगतीऐवजीं कोठीघर दाखवावें, तसें हें झालें. अशा कांहीं प्रकारच्या वस्तूंसाठीं पुढें खास इन्स्पेक्टर केले गेले. परंतु नव्या प्रोग्रॅमांत रोज नव्या जातीच्या वस्तु जन्मास येतात, त्यांच्या वांट्यास तीच साधी यादी येते.

यादींतील क्रमही पाहणाऱ्याच्या सोयीचा असतोच असें नाहीं. १९९५ सालीं बोर्लंड कंपनीनें 'डेल्फी' नांवाचें प्रोग्रॅम लिहिण्याचें साधन काढलें. त्यांत 'ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर' याच नांवाची खिडकी होती, व पडद्यावरील बटणें, चौकटी इत्यादींचे गुणधर्म तींतून बदलतां येत. तेथें नांवें इंग्रजी वर्णानुक्रमानें लागलेलीं असत. 'हाइट', 'लेफ्ट', 'टॉप' आणि 'विड्थ', म्हणजे उंची, डावीकडील अंतर, वरील अंतर व रुंदी, हीं चार मापें एकाच कामाचीं. पण वर्णमालेनें त्यांची ताटातूट केली, व मधें भलत्याच नोंदी येऊन बसल्या. पुढील आवृत्त्यांत विषयवार गट पाडण्याची सोय झाली, हें योग्यच झालें.

दुसरी अडचण वाट चुकण्याची. वस्तूच्या नोंदींत दुसऱ्या वस्तूंचा निर्देश असतो, त्या दुसरींत तिसरीचा. प्रत्येक वेळीं 'इन्स्पेक्ट' म्हटलें कीं नवी खिडकी. समजा, एका मुलीनें स्क्वीकमध्यें मोटारीचें चित्र काढून तें पडद्यावर चालविलें, आणि मोटार भलतीकडेच वळूं लागली. तिनें इन्स्पेक्टर उघडला. पडद्यावरील प्रत्येक चित्राच्या मूळ नोंदी सहा: चौकट, मालक, पोटचित्रें, पूर्ण चौकट, रंग व जोडपत्र. तिचा प्रश्न 'मोटारीचें तोंड कोणीकडे?' हा आहे, आणि दिशा या सहांत सरळ कोठेंच नाहीं. ती हिशेबानें निघते. म्हणून ती 'मालक' उघडते. मालक म्हणजे ज्या पटावर चित्र ठेवलें तो पट. पटाचीं 'पोटचित्रें' उघडली, त्यांतील एक उघडलें, तों पुन्हां मोटारच पुढें आली! पण आतां ती चौथ्या खिडकींत आहे, आणि ही तीच मोटार कीं तशीच दुसरी, हें सांगणारी खूण तेथें नाहीं. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या होती, बाहेर येण्याची नव्हती. इन्स्पेक्टर वापरणाऱ्याची पुष्कळदां तीच गत होते.

या दोषाकडे 'सेल्फ' या भाषेच्या कर्त्यांनीं विशेष लक्ष दिलें. डेव्हिड उंगर व रँडल स्मिथ यांनीं १९८६ सालीं त्याच झेरॉक्स केंद्रांत या भाषेची आंखणी केली. पुढें तिच्यासाठीं जो पडदा तयार झाला त्यावर एका वस्तूचें एकच चित्र, असा नियम ठेवला. उघडलेली वस्तु पुन्हां मागितली तर दुसरी प्रत न निघतां पहिलीच समोर येते. नियम लहान आहे, पण त्यामुळें पाहणाऱ्यास आपण वस्तूचें टिपण पाहत नसून वस्तूच हाताळीत आहों असें वाटूं लागतें, व फेरा पूर्ण झाला कीं तो तत्काळ ओळखूं येतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, कारण येथें खिडकी न कळत फसविते. कांहीं इन्स्पेक्टर उघडतेवेळींची स्थिति दाखवून स्वस्थ बसतात. आंत वस्तु बदलत असते, आणि आपण मात्र जुनी छबी पाहून हिशेब करीत बसतों. आजच्या वेब-ब्राउझरांतही तपासणीची खिडकी असते. तेथें कित्येकदां याच्या उलट होतें. प्रोग्रॅमनें एका क्षणीं वस्तु नोंदवून ठेवली, आणि कामकऱ्यानें ती नोंद कांहीं वेळानें उलगडली, तर आंत उलगडतेवेळींची स्थिति दिसते, नोंदविलेल्या वेळची नव्हे. पाहणारा समजतो कीं हें आधींचें आहे. कांहीं ब्राउझर तेथें एक बारीकशी खूण ठेवितात, परंतु तिचा अर्थ नवख्यास कोठून ठाऊक असणार?

शिवाय नुसत्या पाहण्यानेंही वस्तु बदलूं शकते. कित्येक वस्तु अशा असतात कीं, एखादी गोष्ट कोणीं विचारीपर्यंत त्या ती तयारच करीत नाहींत. इन्स्पेक्टरनें दाखविण्यासाठीं म्हणून ती विचारली, कीं ती तयार होते, आणि जी उणीव शोधावयास आपण आलों तीच नाहींशी होते. दुसऱ्या कांहीं वस्तु मुनिमासारख्या असतात; आलेला प्रत्येक निरोप त्या शेठजींकडे पोंचवितात. इन्स्पेक्टरनें मुनिमास 'तूं कोण?' म्हणून विचारलें, तर उत्तर शेठजींचें येतें, आणि मुनीम दृष्टीस पडतच नाहीं.

चौथी अडचण हात लावण्याची. स्मॉलटॉकच्या इन्स्पेक्टरांत नोंद पाहतां येते तशी बदलतांही येते. वस्तु आपल्या नोंदींचा परस्परांशीं मेळ राखीत असते. इन्स्पेक्टर तिला न विचारतां आंत हात घालतो. वरील यादींत शेवटच्या भरलेल्या कप्प्याचा आंकडा कोणीं एकानें कमी केला, तर तिसऱ्या मुलीचें नांव कप्प्यांत तसेंच राहतें, पण हजेरी घेतांना तिचा पुकारा होत नाहीं. ती गैरहजर आहे असेंही यादी म्हणत नाहीं. ती शाळेंतच नाहीं असें म्हणते. आणि अशा बदलाच्या वेळीं घंटा वाजत नाहीं कीं कोणी 'खात्री आहे का?' म्हणून विचारीत नाहीं.

या चारही अडचणींचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटतें. इन्स्पेक्टरला पाहणाऱ्याचा प्रश्न ठाऊक नसतो. रंग असो, तारीख असो कीं मोटार असो, तो सर्वांपुढें नोंदींची यादी ठेवितो व आपलें काम झालें समजतो. ज्यानें ती वस्तु स्वतः घडविली त्यास ती यादी पुरते, कारण अर्थ त्याच्या डोक्यांत आधींच असतो. नवख्यास मात्र सर्व कांहीं दिसत असून कांहींच कळत नाहीं. आणि याचा परिणाम नुसता वेळ जाण्यापुरता नाहीं. यंत्रानें सर्व उघडें करून दाखविलें, तरी आपणांस समजलें नाहीं, तेव्हां आपलीच बुद्धि मंद, असा समज करून घेऊन कित्येक मुलें खिडकी मिटतात ती पुन्हां उघडीत नाहींत. साधनाचा दोष शिकणाऱ्याच्या माथीं बसतो. हें नुकसान मोठें आहे.

याला उतारा काय? एक उतारा स्क्वीकमध्येंच सांपडतो. त्यावर मुलांसाठीं 'ईटॉइज' नांवाची योजना उभारली गेली. तींत त्याच मोटारीपुढें इन्स्पेक्टरऐवजीं 'व्ह्यूअर' म्हणजे दर्शक उघडतो. त्यांत मोटारीचें आडवें स्थान, उभें स्थान व दिशा हीं प्रत्येकीं आपल्या नांवानें असतात. मोटार चालूं लागली कीं आंकडे तिच्याबरोबर चालतात. रंगापुढें दहा आंकडे नसून रंगाचाच ठिपका असतो. दिशेचा आंकडा बदलला तर मोटार वळते, आणि तो बदल वस्तूस रीतसर निरोप पाठवून होतो. 'प्रत्येक बालकास एक लॅपटॉप' या संस्थेच्या हिरव्या-पांढऱ्या लहान संगणकांवर ईटॉइज घातलेलें असे, आणि ते संगणक २००७ सालीं आपल्या रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्याच्या एका धनगरवाड्यावरील लहानशा शाळेंतही आले होते. आज पुष्कळ शाळांत शिकवितात त्या 'स्क्रॅच'ची पहिली आवृत्तिही स्क्वीकवरच रचलेली होती. स्क्रॅचमध्यें 'क्ष-स्थान' किंवा 'दिशा' यांच्या शेजारच्या चौकटींत खूण केली कीं तो आंकडा रंगमंचावर दिसूं लागतो व क्षणोक्षणीं बदलतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती खूण आवर्जून करून पाहावी. तीही तपासणीची एक खिडकीच आहे, आणि एकाच प्रश्नाचें पण नेमकें उत्तर देणारी आहे.

परंतु दर्शकासही मर्यादा आहे. जें मुलास लागेल असें कर्त्यास वाटलें तेंच तो दाखवितो. बिघाड त्याच्यापलीकडे असला तर तो मुका होतो. अर्थ दाखवावा तर आंतली मांडणी झांकते, मांडणी दाखवावी तर अर्थ हरपतो, असा हा पेंच आहे. तो सोडविण्याचा एक चांगला प्रयत्न स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या परिसरांत झाला. स्क्वीकपासून २००८ मध्यें 'फारो' ही शाखा फुटली. तिच्यासाठीं ट्यूडर गिर्बा, आंद्रेई किश प्रभृति संशोधकांनीं घडवितां येणारा इन्स्पेक्टर तयार केला, व २०१५ सालीं त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत एकाच वस्तूचीं अनेक दर्शनें शेजारीं शेजारीं मिळतात. रंग हा रंग म्हणून दिसतो, यादी ही यादी म्हणून दिसते, आणि मूळ नोंदीही एका पानावर कायम असतात. नवी जात निर्माण करणारानें चार ओळी अधिक लिहिल्या, कीं तिच्या वस्तु कशा दिसाव्या हें इन्स्पेक्टर शिकतो. एका वस्तूंतून दुसरींत गेलें तर नवी खिडकी न उघडतां तिच्या उजवीकडे नवा रकाना उघडतो, त्यामुळें आपण कोठून आलों ती वाट डोळ्यांपुढें राहते. येथें महत्त्वाचा पालट हा कीं, वस्तु घडविणारावरच ती समजावून सांगण्याचें कर्तव्य आलें.

यावरून विद्यार्थ्यांनीं घेण्यासारखें पुष्कळ आहे. कोणत्याही तपासणीच्या खिडकीपुढें बसतांना चार प्रश्न मनांत ठेवावे. ही जें दाखविते तें केव्हांचें आहे? ही मांडणी कोणाच्या सोयीची आहे? हिनें काय गाळलें आहे? आणि माझ्या पाहण्यानें किंवा हात लावण्यानें आंत कांहीं बदललें तर नाहीं? ज्यास या चारांचीं उत्तरें देतां आलीं त्यास साधी खिडकीही फसविणार नाहीं. पुढें जे स्वतः प्रोग्रॅम लिहितील त्यांनीं पांचवा प्रश्नही विचारावा: माझी वस्तु उघडून पाहणाऱ्या परक्यास ती कळेल काय? काम चालतें एवढ्यावर समाधान मानणारा कारागीर अर्धाच कारागीर होय.

पालकांस आमची विनंति एवढीच. आपला मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें तासभर बसून 'मला यांतलें कांहीं समजत नाहीं' असें म्हणूं लागली, तर लगेच आळसाचा किंवा मंदपणाचा शेरा मारूं नये. 'तुला नेमकें काय पाहावयाचें आहे?' असें विचारावें, आणि उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें. पुष्कळदां प्रश्न धड शब्दांत मांडतांच मुलांस वाट दिसते. आणि नाहीं दिसली, तरी निदान दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं आपण खिडकीकडेही एकवार पाहिलें, असें होईल.